अंगावर न येणारे कोंबडे

गोदाकाकूंचा कोंबडा चिंचेवर चढून बसला होता आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं खाली उभी राहून वर बघत होती.

एकाच्या हातात लांब काठीला बांधलेलं जाळं होतं. तोंडावर पट्टी, डोळ्यांवर मोठा चष्मा, हातांत रबरी मोजे. कोण तालुक्याचा आणि कोण आमच्याच वाडीतला, काही कळत नव्हतं. जाळं वर गेलं की कोंबडा एक फांदी वर सरकायचा. गोदाकाकू कमरेवर हात देऊन त्यांना सांगत होत्या की हा अंड्यातून बाहेर आल्यापासून कुणाच्या हाताला लागलेला नाही, जावई जेवायला आला तेव्हाही लागला नाही, तुमचं तर तोंडही त्यानं बघितलेलं नाही. त्यांच्या कोंबड्या तोवर पोत्यात गेल्या होत्या. तरी काकू हसत होत्या. हसायला तेवढा एकच उरला होता.

मी कुंपणाशी उभी राहून हे बघत होते. माझ्यामागं आई परडं झाडत होती. रोजच्यासारखंच, कोपऱ्यापासून सुरू करून दारापर्यंत. कोंबड्या तिच्या खराट्यापुढून बाजूला होत होत्या आणि खराटा गेला की परत तिथंच येत होत्या.

आदल्या संध्याकाळी भोंगा लावलेली गाडी फिरून गेली होती. हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या पोल्ट्रीत रोग शिरला होता. तिथून ठरावीक अंतरातली सगळी पाखरं मारायची होती, आजारी असोत की धडधाकट. आमची वाडी त्या अंतरात आली. आमचं घर वाडीत सगळ्यात शेवटी, ओढ्याच्या अंगाला. म्हणजे थोडा वेळ होता.

कोंबडा कसा धरायचा

मागून झडप घालायची नाही. समोरून जायचं, बसायचं, हात त्याला बघू द्यायचा. मग एक हात छातीखाली आणि एक पंखांवरून. पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत. पाय अधांतरी असले की तो घाबरतो, आणि घाबरलेला कोंबडाच अंगावर येतो. काखेत घ्यायचा. काखेत घेऊन आपलं काम करत राहायचं. त्याच्याकडं लक्ष द्यायचं नाही. थोड्या वेळानं तो मान खाली टाकतो. मान टाकली की सोडायचा. त्याआधी सोडला तर तो जिंकला असं त्याला वाटतं.

हे आईचं. आई हे कुणालाही सांगायची. मला सांगायची नाही.

मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. मी चार वर्षांची असताना आमच्याच कोंबड्यानं, पायामागच्या काट्यानं, तो डोळा घालवला. आईनं तो कोंबडा माहेराहून पिल्लू असताना आणलेला. मोठा झाल्यावर तो आल्यागेल्याच्या अंगावर जायचा. कासारीण आमच्या दारात यायची नाही, लांबूनच हाक मारायची. आईला त्याचं कौतुक होतं. आमच्यात कुत्रं पाळायची गरज नाही, असं ती चारचौघीत सांगायची.

माझा डोळा गेला त्याच दिवशी त्याला कापला, असं घरात सांगत. मीही शाळेत तसंच सांगायचे. सांगताना बरं वाटायचं.

त्यानंतर आईनं कोंबड्या बंद करायला हव्या होत्या. सगळे म्हणालेच तसं. वडील तर शेवटपर्यंत म्हणत होते. पण तिनं उलटं केलं. परड्यात पिल्लं वाढवायला घेतली आणि त्यातल्या नरांना वळण लावायला लागली. पिल्लाला तुरा फुटू लागला की ती त्याला रोज संध्याकाळी मांडीवर घ्यायची. काखेत कोंबडा घेऊन चूल सारवायची. काखेत कोंबडा घेऊन गिरणीत जायची, डोक्यावर दळण आणि बगलेत तो. गिरणीवाला म्हणायचा, काकी, ह्याचं नाव घातलं का शाळेत? आई म्हणायची, घातलं असतं, पण तुझ्या पोराचा नंबर मागं पडंल.

जो नर माणसावर एकदा जरी धावला, तो त्या संध्याकाळी शिजला. कितीही देखणा असो. त्याची अंडी बसवायची नाहीत. जो शांत, तोच ठेवायचा. असं वर्षानुवर्षं.

शेवटी शेवटी आमच्या परड्यात पाहुण्यांची पोरं कोंबड्याची शेपटी ओढायची आणि कोंबडा मान वळवून नुसतं बघायचा. ज्यांच्या घरात लहान पोर आहे ते लोक आईकडून नर मागून न्यायचे. लांबून यायचे.

मी मात्र कधी हात लावला नाही. परड्यातून जाताना भिंतीला डावा खांदा लावून जायचे, म्हणजे कोंबडे चांगल्या डोळ्याकडं राहतील. आई ते बघायची. दुसऱ्या दिवशी परत एखादं पिल्लू मांडीवर घ्यायची.

वाट द्यायला कसं शिकवायचं

त्याला वळसा घालून जायचं नाही. सरळ चालायचं, तो जणू तिथं नाहीच. आपण बाजूला झालो तर परडं त्याचं. तो बाजूला झाला तर परडं आपलं. ढकलायचं नाही, लाथाडायचं नाही, फक्त चालायचं. पहिल्यांदा तो पायावर येतो. मग बाजूला होतो. मग लांबूनच बाजूला होतो.

त्या वर्षीचा जाणता नर तांबडा होता. मी दारात आले की तो आपल्या कोंबड्यांना घेऊन बाजूला व्हायचा आणि मी भिंतीकडून पुढं जाईपर्यंत थांबायचा. गोदाकाकू म्हणायच्या, सासरा आल्यावर सून बाजूला होते तसा होतोय बघ. मला बघायला येऊन गेलेली दोन-तीन स्थळं तोवर परत गेली होती आणि सुनेचा विषय आमच्या घरात कुणी काढत नसे. काकूंच्या लक्षात नाही राहायचं.

शिकलगारभाऊ सगळ्यांच्या आधी एकटेच आले. ते जनावरांच्या दवाखान्यात कामाला. दर वर्षी मानमोडीची लस टोचायला तेच यायचे. आमच्याकडं त्यांना जाळं लागायचं नाही. आई एकेक कोंबडी उचलून त्यांच्यापुढं धरायची आणि ते म्हणायचे, वहिनी, तुमच्या घरी आलं की नोकरी केल्यासारखं वाटत नाही.

त्या दिवशी त्यांनी तोंडावरची पट्टी खाली ओढली तेव्हा मला ते ओळखू आले. पाणी मागितलं. तांब्या हातात घेतला, पण प्याले नाहीत. साहेब गोदाबाईंच्या दारात आहेत, तो कोंबडा सापडला की इकडं येतील, असं म्हणाले. आईनं विचारलं, रोग नाही म्हणून दाखवून देता येणार नाही का? तुम्हीच तर लस टोचली. ते म्हणाले की ती लस वेगळी, हा रोग वेगळा, आणि दाखवून घ्यायला कुणी आलेलं नाही.

मग त्यांनी तांब्यातल्या पाण्याकडं बघत सांगितलं, "परड्यात दिसंल ते सगळं पोत्यात जाणार. रानात निघून गेलेलं एखादं असलं, तर ते रानात कोण हुडकत बसणार, वहिनी?"

"एक?"

"एक. घरात लपवलं तर आरवंल. रानातच."

पट्टी वर ओढून ते गेले. पाणी तसंच राहिलं.

आईनं खराटा ठेवला. ती सरळ तांबड्याकडं गेली. कोंबड्यांतली कुठली ठेवू, असा विचार तिला पडला नाही. तिनं त्याला उचललं आणि मागच्या कुंपणावरून ओढ्याच्या बाजूला सोडलं. ओढ्यापल्याड ऊस तुटून गेला होता, लांबवर नुसती खोडकी. त्या रानाच्या पलीकडच्या कडेला घाणेरीची जाळी होती. तेवढीच जागा होती एखाद्या पाखराला नाहीसं व्हायला.

तांबड्यानं पंख झटकले. कुंपणाच्या कडेनं चालत आला, जिथं काटी मोडली होती तिथून आत शिरला आणि आईपुढं येऊन उभा राहिला.

तिनं परत उचलला, परत टाकला. या वेळी जरा लांब. परत आला.

तिनं टाळ्या वाजवल्या. पदर झटकला. तो उभा राहून तिचं होईपर्यंत थांबला. गोदाकाकूंच्या दारातून जाळ्याची काठी फांदीवर आपटल्याचा आवाज येत होता आणि मधूनच त्या रानटी कोंबड्याचा ओरडा. आमच्या परड्यात काहीच आवाज नव्हता.

मारायचं नाही

मारायचं नाही.

आईनं खराटा उचलला आणि तांबड्याला मारलं.

दांड्याच्या बाजूनं. पाठीवर बसला. मी तिला कोंबड्यावर हात उगारताना कधी बघितलं नव्हतं, त्यानंही नव्हतं. तो पळाला नाही. तो खाली बसला. पाय अंगाखाली घेतले, मान लांब केली आणि मातीला लावली. माणूस रागावला की असं करायचं, हे त्याला येत होतं. तिनंच शिकवलं होतं. त्याच्या बापाला शिकवलं होतं.

आईनं दुसऱ्यांदा खराटा वर नेला आणि तसाच धरून उभी राहिली.

मग ती माझ्याकडं वळली. म्हणाली, माझ्या पायाला तो सोडणार नाही, तू घेऊन जा. ओढ्याच्या पल्याड सोड आणि ये. तुझ्यामागं यायचा नाही, तू त्याला कधी दाणासुद्धा घातला नाहीस.

मी नाही म्हणाले. मला नाही जमायचं, म्हणाले. दुसरी कुठली तरी कोंबडी दे, नेते, हा नको.

"ह्योच पायजे."

"का? ह्याच्यात काय एवढं?"

आई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. उजव्या डोळ्याकडं नाही, डाव्या. घरातले सगळे माझ्याशी बोलताना उजव्या डोळ्याकडं बघत.

"नीलम, ह्यो त्याचा हाय."

"कुणाचा?"

तिची नजर डाव्या डोळ्यावरून हलली नाही, तेव्हा कळलं.

"त्याला तर कापला होता."

"न्हाई कापला. तुझ्या मामाकडं दिला. पुढल्या साली तिथनं अंडी आनली आनि खुडूक कोंबडी बसवली. समदे त्याचेच हायत."

मी विचारलं, का? अजूनही मला माझा तो आवाज ऐकू येतो; लहान पोरीसारखा आला होता.

"कापून तुझा डोळा आला असता व्हय? आनि त्यो तसाच मेला असता."

एवढंच म्हणाली. मग वाकून तिनं तांबड्याला मातीवरून उचललं, पाठीवरची धूळ पुसली आणि माझ्यापुढं धरलं. मी हात पुढं केले. एक छातीखाली, एक पंखांवरून. मला येत होतं. वीस वर्षं लांबून बघितलं होतं.

कोंबडा काखेत असताना

तो गरम असतो. वाटतो त्यापेक्षा हलका असतो, नुसती पिसंच. त्याचं काळीज आपल्या बरगडीला लागतं. डोळा अगदी जवळ येतो, पिवळा, आणि त्यात खालून वर एक पापणी सरकते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी ओढ्यात उतरले. पाणी घोट्याएवढं. पलीकडं खोडकी पायाला लागत होती. मला वाटत होतं, आता हा चोच मारेल, आता काटा मारेल. आणि अर्ध्या वाटेत त्यानं मान माझ्या कोपरावर टाकली.

खरं सांगायचं तर एका जागी मी थांबले. माझ्या हातात त्याची मान होती. तो त्याचा होता. मी आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं. मला राग येईल असं वाटलं. राग यायची वाट बघत मी उभी राहिले. आला नाही. आईनं तेवढाही शिल्लक ठेवला नव्हता, ना त्याच्यात, ना माझ्यासाठी.

घाणेरीच्या जाळीत वाकून मी त्याला आत ठेवला. पालवीआड. जा, म्हणाले. तो बसला. मी मागं सरकले, तो उठला. मी परत आत ढकलला, हाताला काटे लागले. बांधून ठेवावं असं मनात आलं, पण बांधलेलं पाखरू रात्रीपर्यंत मुंगसानं ठेवलं नसतं. शेवटी मी त्याच्या अंगावर ओरडले. काय ओरडले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो खाली बसला आणि मान मातीला लावली. तो तसा बसलेला असताना मी पाठ फिरवली.

चालत आले. पळाले नाही, कोंबड्यापुढून पळायचं नसतं. खोडकी, ओढा, चढण. एकदा उजवीकडून मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं. मला हायसं वाटलं. मग मी नीट चालू लागले, आणि मला आठवतं, आता आई काय म्हणेल याचा मी विचार करत होते. ती काही म्हणाली नसतीच. पण मी त्याला हातात घेतलं होतं, नेलं होतं. संध्याकाळी ती माझ्याकडं कशी बघेल, एवढं मनात घोळवत मी दाराशी आले.

गोदाकाकूंच्या कोंबड्याचा नाद सोडून साहेब आमच्या दारात येऊन उभे होते. शिकलगारभाऊ पोतं घेऊन त्यांच्यामागं. आई परड्याच्या मध्ये. सगळे माझ्याकडं बघत होते. म्हणजे मला तसं वाटलं. ते माझ्या डाव्या बाजूला, खाली बघत होते.

तो माझ्या डाव्या अंगाला होता. एक पाऊल मागं. मला जिकडं दिसत नाही तिकडून तो सगळी वाट चालत आला होता, ना पुढं, ना पायात, वळणदार माणसासारखा अंतर ठेवून. मी थांबले तसा तो थांबला.

साहेब चांगला माणूस होता. बोलण्यात कुचेष्टा नव्हती. ते म्हणाले, इतकी वर्षं नोकरी झाली, असा कोंबडा बघितला नाही. कसा शिकवला हो, मावशी?

शिकलगारभाऊंनी मान खाली घातली. आणि आईनं सांगितलं. कुणी विचारलं की ती सांगायचीच.

"ल्हानपनापास्नं उचलायचं, सायेब. मारायचं न्हाई."

जाळंवाला पुढं आला तेव्हा ती म्हणाली, जाळं नको, मीच देते. तिनं दाणे टाकताना करायची तशी हाक दिली, ती-ती-ती. सगळ्या आल्या. गोदाकाकूंच्या दारात सकाळपासून चाललं होतं ते आमच्याकडं बसल्या बसल्या झालं. ती एकेक उचलून द्यायची, पाय अधांतरी न ठेवता, आणि शिकलगारभाऊ पोत्याचं तोंड उघडून धरायचे. दोन तरणे नर होते, ते तर तिच्या मांडीवर आपणहून चढले. साहेब दुसरीकडं बघू लागले.

शेवटी तांबडा राहिला. आईनं हात पुढं केले नाहीत. ते तिच्या मांडीवर तसेच पडून होते, उलटे.

मी बसले. त्याला हात बघू दिला. उचलला. शिकलगारभाऊंपर्यंत चार पावलं होती, त्यात त्यानं मान टाकली. मान टाकली की सोडायचा असतो. मी त्यांच्या हातात दिला.

कोंबडा खाली कसा सोडायचा

गोदाकाकूंचा कोंबडा सापडला नाही. माणसं दुसऱ्या दिवशी परत आली, तेव्हा तो ओढ्यापलीकडच्या घाणेरीत होता आणि तिथूनही सापडला नाही. मग ती यायची थांबली. पाखरं पाळायला बंदी होती तेवढे दिवस वाडीत तो एकटाच आरवायचा. भल्या सकाळी, भर दुपारी, वाटेल तेव्हा.

बंदी उठल्यावर गोदाकाकूंनी लेकीकडून एक कोंबडी आणली. पिल्लं झाली. सगळी त्याचीच, दुसरं होतंच कोण? एका दुपारी त्या टोपलीत पाच-सहा पिल्लं घेऊन आल्या. म्हणाल्या, शेवंता, घे, परडं कसं ओसाड दिसतंय. तुझ्या हाताखाली शहाणी व्हतील.

आई नाही म्हणाली नाही. टोपली घेतली. चहा केला. काकू गेल्यावर पिल्लं परड्यात सोडली, कण्या टाकल्या.

मी शिवणयंत्रावर बसले होते, तिथून दार दिसायचं. आई उंबऱ्यावर बसली होती. ओच्यात काहीतरी घेऊन बसली होती. मला वाटलं, शेंगा फोडतेय. एक पिल्लू कण्या टिपत टिपत तिच्या पायाशी आलं. नर असावा, डोक्यावर तुऱ्याची नुसती रेघ उमटली होती. असं पिल्लू पायाशी आलं की तिचा हात आपोआप खाली जायचा, तळवा वर करून.

हात ओच्यात गेला. तिनं मातीचं ढेकूळ काढलं आणि पिल्लाला मारलं.

ढेकूळ त्याच्या अंगावर फुटलं. ते चिरकत लांब पळालं, बाकीची त्याच्यामागं. मी यंत्र थांबवलं. आई माझ्याकडं वळली नाही. ती पिल्लांकडं बघत होती, नीट, दळणातले खडे बघावेत तसं.

थोड्या वेळानं ते पिल्लू परत आलं. कण्या तिथंच पडल्या होत्या. जरा थांबत, मान वाकडी करून बघत, पण आलं. आईनं ते जवळ येऊ दिलं, आणखी जवळ, पार पायाशी.

मग दुसरं ढेकूळ मारलं.